शुद्ध सूर्यबिंब पाहून भोजन

यंदाच्या दिवाळीतही एक भाकड दिवस आला. लक्ष्मीपूजन झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा नाही. मध्ये नुसताच एक दिवस, ना सणाचा ना कामाचा. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आधीपासून तोच धुमाकूळ: दिवाळी आज की उद्या? आमचं मराठी पंचांग एक सांगतं, शेजाऱ्यांचं दुसरं, आणि टीव्हीवरचे पंडितजी तिसरंच. मी आपली दोन्ही दिवस पणत्या लावते आणि कुणाशी वाद घालत नाही. वाद घालायची माझी सगळी ताकद काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका भाकड दिवशी संपली. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं.

ग्रहण पाहिलेली माणसं त्याविषयी फार सुंदर बोलतात. पक्षी कसे गप्प झाले, उजेड कसा वेगळाच पडला, अंगावर कसा शहारा आला. मी ऐकते आणि मान हलवते. मी ते ग्रहण इंदूरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून तीसेक माणसांसोबत पाहिलं, आणि मला आठवतो तो वैताग. पहाटे चारला सुरू झालेला आणि सूर्य बुडाला तरी न बुडालेला वैताग.

पहाटे चारला, कारण आईनं घर उठवलं. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती आणि तिच्या अंगातली साखर पंधरा-सोळा वर्षांची. वेध लागायच्या आत चहा झाला पाहिजे म्हणून तिनं गॅसवर आधण ठेवलं, एक चकली खाल्ली, साखरेची गोळी घेतली आणि चष्मा लावून पंचांग उघडलं.

"ऐक वैशू, आज सूर्य ग्रहणातच बुडणार," ती ओळीवर बोट ठेवून म्हणाली. "ग्रस्तास्त आहे. म्हणजे सुटलेला दिसणारच नाही. शुद्ध बिंब बघितल्याशिवाय जेवण नाही करता येत. मी आता उद्या सकाळी सूर्य निघाला की खाईन."

"उद्या सकाळी?"

"हो. एका दिवसाची तर बात आहे."

पहाटे चार वाजता माणसाला कुठलंही ज्ञान देऊ नये, असं माझं मत आहे. तरी मी पंचांग ओढून घेतलं. त्याच ओळीखाली स्वच्छ छापलं होतं की बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी इतके कडक वेध पाळू नयेत. मी ते मोठ्यानं वाचलं.

"वाचलंय मी ते," आई म्हणाली. "त्यांनी घ्यावी ना सूट. कोणी मना केलंय?"

"मग तू यातल्या कोणात येतेस?"

"मी कशातच नाही येत."

आणि हे म्हणून झाल्यावर तिनं कुसुमकाकूंना फोन लावला. कुसुमकाकू म्हणजे जुन्या इंदुरातली तिची मैत्रीण, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांना आई अगदी मायेनं सांगत होती, "तुम्ही नका हो धरू काही. तुमचं वय झालं आता. शास्त्रातच सूट आहे."

मी काही विज्ञानाचा झेंडा घेऊन फिरणारी बाई नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, उपास करते, खजरान्याच्या गणपतीला नवस बोलते आणि फेडतेही. ग्रहणात कुणी काय पाळावं, याच्याशी मला देणंघेणं नाही. मला त्या दिवशी एवढंच हवं होतं की आईनं खावं. कारण गोळी पोटात गेली होती आणि तिच्या जोडीला होती फक्त एक चकली. अशी दिवसभर राहिली की तिची साखर उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि दोन वर्षांपूर्वी अशीच ती बाथरूमच्या दारात कोसळली होती. तेव्हा एकादशी होती.

दिवस वर आला. अशा दिवशी घरात एक विचित्र शुकशुकाट असतो. चूल बंद, कापणं-चिरणं बंद, देव सोवळ्यात गुंडाळलेले. फराळाच्या प्रत्येक डब्यात तुळशीचं पान. दिवाळीच्या ऐन मध्यावर, लाडू-चिवड्यानं भरलेल्या घरात माणसानं उपाशी बसायचं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. आमचे 'हे', ग्रहणात झोपू नये असं आईनं तीनदा सांगितल्यावर, चौथ्यांदा ऐकायला जागेच नव्हते. मी वेध पाळत नाही, पण आईसमोर बसून खाववेना. स्वयंपाकघरात उभ्यानं चिवड्याचा एक बकाणा भरला, तर बाहेरून आवाज आला, "काय वाजतंय गं कुरकुर?" मी तो बकाणा न चावता तोंडात धरून उभी राहिले. पन्नाशीची बाई मी!

दुपारी मी साखर मोजायचं यंत्र काढलं. आई म्हणाली, वेधात रक्त काढू नये. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "उन्हें समझाइए." इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरनं मला याहून दुसरा सल्ला दिला असेल तर शपथ. मी समजावलं. मग रागावले. मग अबोला धरला, तर आईला तो बराच मानवला. ती खिडकीशी बसून शांतपणे जप करत राहिली. मीच मग दर अर्ध्या तासानं अबोला मोडून विचारायची, "काही होतंय का?" आणि ती माळेवरून बोट न उचलता मान हलवायची.

आईचे नियम किती कडक आहेत, ते मी लहानपणापासून बघत आले. पण नियमांना एक फट आहे, हेही मी लहानपणीच पाहिलं होतं. जुन्या इंदुरात आमचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू, घर होतं, दोन खोल्यांचं. मी नऊ वर्षांची असेन आणि मिलिंद, माझा धाकटा भाऊ, सहाचा. तेव्हाच्या एका ग्रहणाला आईनं आम्हाला आत कोंडलं होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दारं बंद, खिडक्यांवर चादरी, बाबा रेडिओ कानाशी धरून बसलेले. कवेलूंच्या फटींतून जमिनीवर कवडसे पडत, ते एरवी गोल असायचे आणि त्या दिवशी ते सगळे कुरतडल्यासारखे झाले. मिलिंद ते तळहातावर घेत घरभर फिरत होता आणि मी भुकेनं रडत होते. मला आई म्हणाली, "थोडा धीर धर, मोठी आहेस ना तू?" आणि थोड्या वेळानं पाहते तर कोठीच्या खोलीत, धान्याच्या पिंपाआड, आई मिलिंदला साखर-पोळीचे घास भरवत होती. "तो लहान आहे," ती मला म्हणाली. मी नऊ वर्षांची होते हो! याचा राग मला अजून येतो, आणि तो येतो याचाही राग येतो.

चार वाजून गेल्यावर पांडेजी आले. पांडेजी आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाण्याची टाकी साफ करायची असो की होळी, ते उत्साहानं सगळ्यांना गच्चीवर गोळा करतात. त्यांनी ग्रहणाचे पाच चष्मे मागवले होते, तीस माणसांत पाच. आईला म्हणाले, "आंटीजी, चलो ना ऊपर! अकेले क्या करोगे? सब लोग आ रिये हैं."

आई ग्रहण बघत नाही. पण पांडेजी गच्चीवर काय काय करतात, ते बघायला तिला आवडतं. माळ हातात घेऊन ती निघाली. चौथ्या मजल्यावरून गच्चीवर जायला लिफ्ट नाही. जिना चढताना ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मला म्हणाली, "तू दमलीस का?"

गच्चीवर जत्रा भरली होती. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अजून आभाळात तरंगत होता आणि पश्चिमेला सूर्य तांबूस होऊन खाली आला होता. कुणी जुने एक्स-रे आणले होते, कुणी काळी काच. मी त्यांना सांगत होते की याच्यातून बघू नका, डोळे जातील, आणि ते मला "हओ, हओ" म्हणत त्याच्यातूनच बघत होते. चष्म्यांवर नुसती झोंबाझोंबी. पहिल्या मजल्यावरच्या माताजींनी मधोमध परात ठेवून पाण्यात मुसळ उभं केलं होतं. ग्रहण आहे तोवर मुसळ उभं राहतं, सुटलं की पडतं म्हणे. झालं! निम्मी गच्ची सूर्याकडे पाठ करून मुसळाभोवती बसली. तिकडे आभाळात खरंखुरं ग्रहण लागलेलं, आणि इकडे माणसं मोबाईलवर मुसळाचा व्हिडिओ काढतायत. मी म्हटलं, अहो, सपाट बुडाचं आहे, ते रोजच उभं राहील. "भाभीजी, रोज कौन खड़ा करता है?" पांडेजी म्हणाले.

"हे आपल्यात नसतं," आई माझ्या कानात तुच्छतेनं म्हणाली. दुपारपासून तेवढं एकच आमचं एकमत झालं.

पण एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. पांडेजींच्या बायकोनं बुंदी पाडायचा झारा आणला होता. तिनं तो उन्हात धरला, आणि पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर शंभरेक छोटे सूर्य उमटले. प्रत्येकाचा वरून उजवीकडून एकेक घास खाल्लेला, उष्ट्या पुऱ्यांसारखे. सगळे एकदम गप्प झाले. बहुतेक भुकेनंच असावं, पण गप्प झाले. मी त्या वेळात एक चष्मा पटकावला आणि आईच्या डोळ्यांवर धरला. ती नको म्हणाली नाही. शहात्तर वर्षांत पहिल्यांदा तिनं ग्रहण लागलेला सूर्य पाहिला, चांगला मिनिटभर पाहिला.

"एवढंच?" ती म्हणाली.

हो, एवढंच! एवढ्याचसाठी तू पहाटेपासून उपाशी आहेस आणि मी वेडीपिशी झालेय, असं मी ओरडणार होते. पण ती चष्मा परत देत होती तेव्हा मी पाहिलं, तिचा हात थरथरत होता. मी तिला टाकीच्या सावलीत बसवलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. "चल, खाली जाऊ आणि काहीतरी खा," मी म्हटलं. "अजून लागलेलं आहे," ती म्हणाली. मग सूर्य, तसाच कुरतडलेला, समोरच्या इमारतींमागे गेला, आणि सगळ्यांनी उगीचच टाळ्या वाजवल्या.

आता यंदा आई ऐंशीची आहे. परवा बँकेत ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेत उभं करायला गेले तर मला म्हणाली, "तिकडे म्हाताऱ्या उभ्या आहेत." अशा बाईचं माणसानं काय करावं, हे कुठल्याच पंचांगात लिहिलेलं नाही. मला कधी वाटतं, तिला भीती ग्रहणाची नाहीच. एकदा त्या सवलतीच्या ओळीत जाऊन बसलं की परत उठता येणार नाही, याची असावी. हे सगळं मला समजतं. समजलं म्हणून राग कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार दिवस आमच्याकडे राहून जावं.

पांडेजींनी खाली जाता जाता पुकारा केला होता, "साढ़े छे के आसपास मोक्ष है, नहा-धो के सब लोग खाओ-पियो!" त्याप्रमाणे साडेसहानंतर सगळ्या बिल्डिंगमध्ये बादल्या वाजल्या, मग कुकरच्या शिट्ट्या. जिन्यातून कांद्याच्या फोडणीचा वास येऊ लागला. आईनंही आंघोळ केली, देव सोडवले, दिवा लावला, आणि भिंतीला टेकून बसली. पंधरा तास झाले होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि दिव्याची काडी पेटवताना तिच्या तीन काड्या वाया गेल्या होत्या.

मी लाडवांचा डबा घेऊन तिच्यापुढे बसले. "आई, सगळ्यांनी खाल्लं. माताजींनी खाल्लं. त्यांचं मुसळ पडायची वाट न बघता त्यांनी ते उचलून ठेवलं. ग्रहण सुटलं. वेळ टळून गेली."

"सुटलं असेल. दिसलं कुठे? शुद्ध बिंब बघितल्याशिवाय नाही."

मग मात्र मी फुटलेच. "शुद्ध बिंब, शुद्ध बिंब! आता इथे कुठून आणू मी सूर्य? इतकीच हौस असेल तर अमेरिकेतला बघ! तिथे आत्ता सकाळ आहे, सूर्य आहे, शुद्ध आहे, कुणी त्याला शिवलंसुद्धा नाही!"

मी हे तिला टोचावं म्हणून बोलले होते. आई मात्र विचारात पडली. "तिकडे ग्रहण नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं. तिकडून दिसलंच नाही."

तिनं पंचांग उघडलं, पान आडवंउभं वाचलं. "फोनमध्ये बघू नये असं काही लिहिलेलं तर नाहीये," ती म्हणाली. "लाव मग मिलूला."

मी फक्त अमेरिका म्हणाले होते, मिलूचं नाव काढलं नव्हतं. मिलिंद न्यू जर्सीला असतो. कोरोना लागायच्या आधी आला होता, त्यानंतर आलाच नव्हता. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाला त्याचा फोन आला होता तो गाडी चालवता चालवता, दोन मिनिटांचा. त्याचे सगळे फोन दोन मिनिटांचे असतात. आई तेवढ्यात बोलायचं म्हणून दिवसभर विषय ठरवून ठेवते, आणि मग "जेवलास का?" एवढंच विचारून होतं.

"ताई? सगळं ठीक ना? आई बरी आहे ना?" व्हिडिओत त्याचा घाबरलेला चेहरा आला. "मी ऑफिसात आहे, मीटिंग आहे."

"मीटिंग राहू दे. बाहेर जा आणि सूर्य दाखव."

"काय दाखव?"

मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं नशीब. चावी, दार, लिफ्ट, असं सगळं फोनमध्ये हललं आणि तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. वर बघून म्हणाला, "ढग आहेत गं इथे."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे तिथेही! पण आई शांतपणे म्हणाली, "असू दे. हटतील. तू कोट का नाही घातलास?"

आणि मग ढग हटायची वाट बघत ती दोघं बोलत राहिली. करायला दुसरं काहीच नव्हतं. त्यानं तिला पार्किंगमधली लाल पानांची झाडं दाखवली. तिनं विचारलं, केस कधी इतके गेले? तो म्हणाला, घरी चिवडा केला होता, पोहे जळले. आईनं त्याला पोहे आधी उन्हात कसे ठेवायचे ते सांगितलं, मग तिकडे ऊन किती वेळ असतं ते विचारून घेतलं. तो म्हणाला, गुडघा दुखतो हल्ली, जिना चढताना. हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी हातात लाडू घेऊन बसले होते. आईचा आवाज बारीक होत चालला होता आणि मी मनातल्या मनात ठरवलं होतं की अजून दोन मिनिटं, मग तिचं तोंड उघडून भरवायचं, मग पाप लागो की काही लागो.

तेवढ्यात पडद्यावरचा राखाडी रंग उजळला. मिलिंदनं फोन हातभर वर, आभाळाकडे धरला. ढग फाटला आणि पडद्यावर पांढरा, गोल, अख्खा सूर्य आला. आईचे हात क्षणभर जोडले गेले. मग तिनं माझ्या हातातला लाडू घेतला, त्यावरचं तुळशीचं पान बाजूला केलं, आणि लाडू फोडून घास तोंडात टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

"दिसला का गं, आई?" मिलिंदचा आवाज आला. फोन आभाळाकडे असल्यामुळे आम्ही त्याला दिसत नव्हतो.

आईनं घास गालात सारला. "नाही रे मिलू," ती म्हणाली. "अजून ढगच आहेत. तू थांब थोडा वेळ. हां, आणि गुडघ्याचं काय सांगत होतास?"

"ताई, तुला तरी दिसतोय का?"

दिवसभराचा संताप माझ्या जिभेवर येऊन बसला होता. पडद्यावर सूर्य इतका लख्ख होता की माझे डोळे दिपत होते.

"नाही रे," मी म्हणाले, "दाट ढग आहेत," आणि आईच्या हातात दुसरा लाडू दिला.